वरून ओतलेला नमुना

पाण्याचा नमुना मी नळातून घेतला नाही. लोट्यातून घेतला. तोही दुसऱ्याने वरून ओतलेला.

ही तर पहिलीतली चूक. बोरची मोटार पाच मिनिटं चालू ठेवायची, नळाचं तोंड स्पिरिटनं पुसायचं आणि त्याच धारेखाली निर्जंतुक बाटली भरायची. झोपेतही म्हणून दाखवीन. बीडच्या एका खाजगी प्रयोगशाळेसाठी नमुने आणायचे, हेच माझं काम. बी.एस्सी. केमिस्ट्री. एका विषयात लटकून का होईना, पण पास.

पालीच्या अलीकडं शेताचे प्लॉट पडले होते. घरं वाढत होती. घरागणिक संडासाचा शोषखड्डा, आणि सगळ्यांना मिळून प्लॉट पाडणाऱ्या मालकाच्या अंगणातला एक बोर. 'पाणी पिण्यास योग्य' असा कागद मालकाला हवा होता. मी हातमोजे चढवून नळाकडं निघालो.

"कुणाचा बे तू?" मालकानं ओट्यावरून विचारलं.

बापाचं नाव सांगितलं. केजकडचं गाव सांगितलं. आमची वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला, ते त्यानंच ओळखलं.

"मंग थांब तिथंच. बोरला हात लावायचा न्हाई. देवाला पाणी जातं ह्यातलं."

माझ्या हाताचे जंतू पाण्यात जाऊ नयेत म्हणून हातमोजे असतात. मालकाला भीती हाताचीच होती. त्यावर हातमोजा निघालेला नाही.

गडी घरातून लोटा घेऊन आला. बोर अंगणात, लोटा स्वयंपाकघरातून. आतल्या फिल्टरचं पाणी. मला दिसलं. खोटं कशाला बोलू? दिसलं. आणि मी काय केलं? कमरेत वाकलो, बाटली दोन्ही हातांनी पुढं धरली. माझा बाप विहिरीवर ओंजळ धरायचा, अगदी तशी. बापाला निदान तहान लागलेली असायची. वर मी "उपकार झाले, मालक" असंही म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.

फॉर्मवर लिहिलं : नमुना बोरच्या नळातून, स्वतः घेतला. खाली झोकात सही.

मालकानं रिपोर्ट मोठा करून फाटकावर लावला. त्यावर माझं नाव. मी त्याचा फोटो काढून बायकोला पाठवला.

दोनेक महिन्यांनी तिकडूनच चाललो होतो. ऊन लई. शेवटच्या प्लॉटवर पत्र्याच्या घरात एक आक्का राहते, तिला पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला. सरळ हातात दिला.

"पी. पयले मी गावातून आनायचे पानी. फाटकावर कागद लागला तवापासून हेच पितो. पर लेक बाळातपनाला आलीय, तिचे जुलाब थांबंनात. काल सलाईन लावून आनलं."

तांब्या ओठापर्यंत गेला आणि थांबला.

"कावून? पीत न्हाईस?"

"आक्का, लेकीला हे देऊ नका. उकळून द्या," एवढंच बोललो. गाडीवरची पेटी काढली आणि बोरपाशी गेलो. मालक ओट्यावरून ओरडला, "सांगितलतं ना तुला, हात लावायचा न्हाई!"

"नमुना नळाचाच असतो. नळ मीच उघडणार."

हातमोजे चढवले. नळ उघडला. पाच मिनिटं धार जाऊ दिली. तेवढा वेळ मालक माझ्या सात पिढ्या काढत होता आणि मी घड्याळ बघत होतो.

त्या बाटलीत मैल्याचे जंतू निघाले. प्रयोगशाळेच्या साहेबांना मी लेखी दिलं : पहिला नमुना बोरचा नव्हता, मी खोटी सही केली. साहेबांनी मला घरी बसवलंय. चौकशी चालू आहे.

नवा रिपोर्ट फाटकावर जुन्याच्या उरावर चिकटवला आणि आक्काकडं गेलो. लोट्याची गोष्ट सांगितली. मालकाचा शब्द न् शब्द सांगितला. थोडं डोळ्यांत पाणीही आणलं. शेवटी छाती काढून म्हणालो, "आक्का, हितून पुढं माझा हात जिथं नळाला लागणार न्हाई, तिथं माझी सही कागदाला लागणार न्हाई. नोकरी राहो न्हाईतर जावो."

वाटलं, आता पाठीवरून हात फिरवील.

ती लेकीसाठी उकळलेलं पाणी चुलीवरून उतरवत होती. वळलीसुद्धा नाही.

"लोटा त्यानं वतला. बाटली तर तूच धरलती की."