वायरलेसमामांचा बूस्टर

वायरलेसमामा प्रत्येक बोलण्याच्या शेवटी ‘ओव्हर’ म्हणत. समोरच्यानेही तो शब्द म्हणावा, अशी त्यांची सक्त अपेक्षा असे. तिसगावच्या पुढे, डोंगराआडच्या वस्तीवरच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “बाई, चहा घेनार का, ओव्हर?” मी “हो” म्हणून बसून राहिले. तेही बसून राहिले. शेवटी आतून मामी म्हणाल्या, “बाई, त्यांचा तेवढा शब्द म्हना, न्हाईतर चहा काय मिळत न्हाई.”

मामांची उभी नोकरी पोलिसांच्या वायरलेसवर गेलेली, त्यामुळे निवृत्त झाले तरी खातं जिभेवरून उतरलं नव्हतं. मामी मात्र तो शब्द कधीच उच्चारत नसत. “मी काय ठान्यातली हाय का?” म्हणायच्या. मग मामा त्यांचं बोलणं संपलंच नाही असं धरून गप्प राहायचे, आणि मामी भांडण जिंकल्याच्या थाटात भाकऱ्या थापायच्या.

मामींचे गुडघे पार गेलेले होते. वस्तीबाहेर जाणं बंदच. त्यांच्या भावाने जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणून दिला. पण नगरचा टॉवर डोंगरापलीकडे, त्यामुळे पडद्यावर नुसत्या मुंग्या. मामी आठवडाभर त्या मुंग्या बघत बसल्या आणि मग एवढंच म्हणाल्या, “साऱ्या जिल्ह्याचे निरोप पोचवले तुमी. माझ्या घरात एक चित्र पोचंना. दोघांनी मिळून एक पिच्चर बघावा म्हनलं हुतं.” हे मामांना फार लागलं. त्या दिवशी त्यांनी कुणाला ‘ओव्हर’ म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते डोंगराच्या माथ्यावर, एकुलत्या निंबापाशी. एक अँटेना नगरकडे तोंड करून, दुसरी वस्तीकडे, मधे सिग्नल वाढवणारी बूस्टरची पेटी आणि तिला जुनी ट्रॅक्टरची बॅटरी. “एकानं ऐकायचं, दुसऱ्यानं सांगायचं. आमच्यात असंच चालायचं, ओव्हर.” खाली अंगणात मामी खुर्चीवर, हातात दोन फडकी. लाल म्हणजे मुंग्या, पांढरं म्हणजे दिसतंय.

चित्र आलं, पण मामांनी वस्तीकडच्या अँटेनाचा खांब धरून ठेवला तरच. त्यांनी हात सोडला की वाऱ्याने खांब फिरे आणि मुंग्या परत. झालं असं, की शनिवारी दुपारचा मराठी चित्रपट मामी घरात बघत आणि मामा तो डोंगरावर उभे राहून दाखवत. संध्याकाळी खाली आले की विचारत, “शेवटी लग्न झालं का, ओव्हर?” एका शनिवारी मी मामींकडे बसले होते. पडद्यावर मुंग्याच होत्या आणि मामी दारातून खुशाल पांढरं फडकं हलवत होत्या. मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, “ऊन लई हाय बाई. हात सोडल्यावरबी दिसतंय म्हनलं, की सावलीला तरी टेकत्यात.”

एरवी वारा पडला की थोडं तरी दिसायचं; पुढे एका मंगळवारी तेही पार गेलं. मामांबरोबर मीही वर गेले. बूस्टरच्या पेटीला शेंदूर, खांबांना हळदकुंकू, पुढ्यात नारळ, आणि पेटीवर तांब्याभर पाणी ओतलेलं. डोंगरावर निंबाखाली कुणी काही उभं केलं, की मेंढरं राखणारे लोक त्याला देव मानून मोकळे होत. मामांचा पारा चढला. “आजी, ह्यो देव न्हाई, बूस्टर हाय, ओव्हर.” मेंढरांमागची म्हातारी शांतपणे म्हणाली, “असू द्या की. कुनाचं तरी बरंच करीत आसंल.” मामांनी पेटी पुसून वाळवली आणि पाटी लावली: ‘पाणी घालू नये. हळदकुंकू चालेल.’

पाटी वाचायला येणारं तिथे कुणी नव्हतं. पण मामा देवाची एवढी सेवा करतात म्हटल्यावर मेंढपाळांनीही मागे राहायचं नाही असं ठरवलं. पंधरा दिवसांत त्यांनी पेटीवर पत्र्याचं छप्पर घातलं आणि खांबांभोवती दगडमातीचा असा पक्का ओटा बांधला, की वादळातही खांब हलेना. शनिवारी मामा घरात, मामींच्या शेजारी बसले. चित्र स्वच्छ. मामी पदराने सारखा चेहरा पुसत होत्या. मामा मात्र दहाव्या मिनिटाला घोरायला लागले, आणि मामींनी त्यांना उठवलं नाही.

माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी गेले, तेव्हा मामा राहिले नव्हते. घरावर डिशची छत्री, आत रंगीत टीव्ही, चॅनेल मोजता येऊ नयेत इतके. आम्ही बोलत होतो तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि पडद्यावरचं चित्र अडकलं. मामी भिंतीला धरून उठल्या, खुंटीवरचं पांढरं फडकं घेतलं, दारात गेल्या आणि डोंगराकडे बघून हलवलं.

“मामी, चित्र तर गेलंय,” मी म्हणाले.

“म्हनून काय त्यांनी पावसात हुबं ऱ्हायाचं?” त्या म्हणाल्या. मग डोंगराकडेच बघत, हळू आवाजात, “दिसतंय. ओव्हर.”