वेल्डिंगनंतरचा अर्धा तास

गोदीत त्यांना सगळे बसेकाका म्हणत, कारण त्यांचं कामच बसायचं. युद्धनौकेच्या पोलादी भिंतीला एका बाजूने वेल्डिंग चाललं, की पलीकडे आग विझवायचा सिलिंडर घेऊन हे स्टुलावर. वेल्डरला भिंतीपलीकडचं काय दिसणार, कप्पाळ! आणि आजकालची जहाजं म्हणजे केबलांचं नुसतं जंजाळ. काम थांबलं तरी अर्धा तास हलायचं नाही, कारण भिंतीच्या अस्तरात ठिणगी आतल्या आत धुमसत राहते. "काका, आयता पगार!" म्हणून पोरं चिडवायची. "लेकांनो, आग लागत नाही ना, तेच माझं काम," काका म्हणायचे. सव्वीस वर्षांत तो अर्धा तास त्यांनी कधी मोडला नाही.

जावई तिथलाच वेल्डर. हात सफाईदार, स्वभाव त्याहून गोड.

त्या दिवशी जहाज चाचणीला न्यायची घाई. मुकादम सकाळपासून मानगुटीवर. दुपारी चारला वेल्डिंग संपलं. दहाएक मिनिटांत जावई धावत आला. "बाबा, घरून फोन होता. बाळ तापाने फणफणलंय, ही रडतेय. तुम्ही वर जाऊन सुट्टीचा पास घ्या, मी नळ्या गुंडाळून आलोच."

नात म्हणजे काकांचा जीव की प्राण. अस्तरावरून हात फिरवला, गार लागलं. उठले.

शिडी चढून वर पोहोचतात तोच खालून काळा धूर. जावई बाहेर आला तो चौघांच्या हातांवर.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "आधी का उठलात?" काका म्हणाले, "चुकलं माझं." फोनचं नाव काढलं नाही. नोकरी गेली, जाऊ दे मेली. धास्ती एकच होती. आपल्या फोनने नवरा गेला असं लेकीच्या मनाने घेतलं, तर पोर जगायची नाही.

पण लेक बापासारखीच पक्की. महिन्याभराने येऊन समोर बसली. "बाबा, खरं सांगा. माझ्या फोनमुळे उठलात का?"

काका हसल्यासारखं करून म्हणाले, "कसला फोन? मला कुणी काही बोललं नाही. कंटाळा आला होता गं, उठलो."

"कंटाळा?"

ती उठली. मग बाळाला कडेवर घेतलं, पिशवी उचलली आणि म्हणाली, "यापुढे आमच्या दारात येऊ नका."

काकांनी मान डोलावली. ती जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत कसंबसं धरून ठेवलं, आणि मग म्हातारा उंबऱ्यातच बसून ढसाढसा रडला.