एका नावाच्या दोघी

आमच्या घराण्याला इतिहास होता. निदान मोठे बाबा तसं सांगायचे, आणि त्यांच्यासमोर दुसरं काही सांगायची कोणाची प्राज्ञा नव्हती. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शेत, बैल, बाया आणि इतिहास हे सगळं त्यांच्या ताब्यात असायचं. गाव आमचं जवळा बाजारच्या अलीकडं. आता तो भाग हिंगोली जिल्ह्यात येतो, तेव्हा परभणीत होता. जिल्हा बदलला, पण मोठ्या बाबांनी सांगितलेला इतिहास बदलायला गावात अजून कोणी तयार नाही.

दुसऱ्यांच्या घरी म्हणे तलवारी असतात, सनदा असतात. आमच्याकडं झाकण हरवलेला एक पानाचा डबा होता, काच फुटलेला एक कंदील होता आणि एक पितळी हंडा होता. एवढ्या भांडवलावर मोठ्या बाबांनी अख्खं घराणं उभं केलं. पानाचा डबा कुण्या जहागीरदारानं आमच्या पणजोबांवर खूश होऊन दिलेला. कशामुळं खूश होऊन, ते दर वेळी निराळं असायचं. कंदील निजामाच्या एका बड्या अंमलदाराचा, तो आमच्याकडं मुक्कामाला असताना विसरून गेला. फुटका कंदील विसरून जाण्यात त्या अंमलदाराचा शहाणपणाच दिसतो, पण हे बोलायची सोय नव्हती.

या सगळ्यात मानाचा होता हंडा. पाहुणा ओसरीवर टेकला की आधी त्याला हंड्यातलं पाणी मिळायचं आणि मग हंड्याची हकिकत. पाण्याला नाही म्हणता यायचं, हकिकतीला नाही.

हंड्याच्या पोटाला एका बाजूनं मोठा पोचा होता. तो रझाकाराच्या बंदुकीच्या दस्त्याचा. माझ्या आजीनं, म्हणजे मोठ्या बाबांच्या आईनं, त्या धामधुमीत घरातलं सगळं सोनं या हंड्यात घातलं, वर शेण थापलं, आणि हंडा डोक्यावर घेऊन ती भर रस्त्यानं चालू लागली. वाटेत रझाकारांनी अडवलं, दस्ता हाणला. "हंड्याला पोचा पडला, पण आमच्या आईची मान वाकली न्हाई!" इथं मोठ्या बाबांचा आवाज भरून यायचा. पाहुणा जितका लांबून आलेला, तितके रझाकार जास्त. सेनगावकडचा पाहुणा असला तर दोघा-तिघांवर भागायचं, औरंगाबादचा असला की टोळी यायची. ते सोनं पुढं कुठं गेलं, असं आजवर एकाही पाहुण्यानं विचारलं नाही. आमच्याकडचे पाहुणे फार समजूतदार.

पुरावा म्हणून मोठे बाबा हंडा उजेडाला धरायचे. गळ्याखाली टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं. फक्त नाव, पुढं बापाचं नाही की नवऱ्याचं नाही. ते आजीचं नाव. मी तान्ही असताना आजी गेली, त्यामुळं मला आजी म्हणजे ती टिंबंच.

ते नाव मी इथं लिहीत नाही. एका नदीचं होतं, एवढं सांगते. सुनांनी सासूचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि सासू वारली म्हणून रीत वारत नाही. आता सासू नदीच्या नावाची म्हटल्यावर नदीचीही पंचाईत. आई नांदेडला जाऊन आली की "मोठ्या पाण्यात न्हाऊन आले" म्हणायची. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, तिला तेवढंही सुचायचं नाही, ती नुसता हात हलवून "ती नाही का, वाहती" म्हणायची. मी शाळेत भूगोलातल्या नद्या मोठ्यानं घोकायचे. त्या नावाशी आले की आई चुलीपुढून मान वर करून माझ्याकडं बघायची. सासूचा धाक, दुसरं काय, असं मला वाटायचं. मोठ्या बाबांची पुतणी होते ना, इतिहास चटकन समजायचा.

मोठ्या दुष्काळानंतर घरोघरी स्टीलचं वेड शिरलं. बायका पितळ मोडीत घालून स्टीलचे डबे आणू लागल्या आणि ते घासून घासून त्यात तोंड बघू लागल्या. त्याच सुमारास आमच्या घरी वाटणी झाली. दोन जावांचं पटत नाही, असं कारण गावात सांगितलं गेलं. दोघी जावा मुकाट्यानं ज्वारी निवडत बसलेल्या असायच्या आणि भांडण दोघा भावांचं चाललेलं असायचं. त्यातही वडील भांडायचे असं नाही. थोरल्या भावापुढं त्यांचं तोंड उघडायचं ते जांभई द्यायला.

शेताचं झालं, बैलांचं झालं, मग अंगणात भांडी मांडली. मोठे बाबा एकेक उचलून दोन ढिगांत टाकत होते. परातीला परात, कढईला कढई. हंडा हातात घेतला आणि त्यांनी तो काही न विचारता स्वतःच्या ढिगात ठेवला. "आईची आठवण थोरल्याकडं राहती," ते म्हणाले.

"हंडा माझा हाय."

कोण बोललं ते आधी कळलंच नाही. आई दाराआडून बोलली होती. थोरल्या दिरापुढं ती कधी खोकलीसुद्धा नव्हती.

मोठे बाबा दाराकडं न बघता माझ्या वडिलांना म्हणाले, "काय म्हणून राहिली रे तुझी बायको? हंडा काहून तिचा? त्याच्यावर नाव कोणाचं हाय ते सांगाय लाव तिला."

वडिलांनी कढईची काजळी नखानं खरवडायला घेतली. दाराआड पदराची सळसळ झाली. अंगणात शेजारपाजारचे पंच म्हणून बसलेले होते, ते माना वळवून बघत राहिले.

"माझं हाय नाव," आई म्हणाली.

अंगण हसलं. पंच हसले, मोठे बाबा डोळे पुसून पुसून हसले. सासूचं नाव सून आता स्वतःचं म्हणून सांगायला लागली! "कोणतं ते घेऊन दाखव की मग," एक पंच म्हणाला. आईनं नाव घेतलं नाही. तिला ते घेता येत नव्हतं. हंडा मोठ्या बाबांच्या ढिगात राहिला, आणि आमच्या वाटणीला न्यायानं जे आलं त्यात तो काच फुटलेला कंदील होता.

मी आत गेले. आई रिकाम्या घडवंचीपुढं बसली होती. घरात एवढी भांडी असताना ही एका पोचा पडलेल्या हंड्यासाठी इज्जत घालवून बसली, याचा मला रागच आला होता. "कशाला खोटं बोललीस?" मी विचारलं.

"तुझी आजी आन् मी," ती म्हणाली, "दोघीचं एकच नाव व्हतं."

मग तिनं सांगितलं. लग्नात तबकातले तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितो, ती रीत सगळ्यांकडंच असते, पण एखादीचं जुनं राहूही देतात. आईचं ठेवायची सोयच नव्हती, त्या नावाची जागा घरात भरलेली. आजीनं मांडवातच सांगितलं होतं, "एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील? एकीला हाक मारली तर दोघी ओ देतील." सगळे हसले, तांदळात दुसरं नाव उमटलं, आणि आईचं जुनं नाव तिच्या सासूचं झालं. म्हणजे त्या दिवसापासून तिला ते तोंडानं घेणंही बंद. साखऱ्याला माहेरी गेली तर आईबाप गेलेले, मागं राहिलेला धाकटा भाऊ, तो तिला आक्का म्हणायचा. उरला हंडा. तो तिच्या बापानं लग्नात दिला होता आणि तिचं नाव घालून दिला होता. लग्न झालं तेव्हा रझाकारांना जाऊन कैक वर्षं लोटली होती.

"आन् पोचा?"

"तुझ्या मामाचा. वरातीच्या गाडीत हंडा कवटाळून झोपलं व्हतं पोरगं. ओढ्यात चाक आपटलं, आन् हंड्यासकट खाली." हे सांगताना ती हसली. "बंदूक कशाची डोंबलाची."

"मग इतकी वर्षं का नाही बोललीस? मोठे बाबा पाहुण्यांना काय काय सांगत होते!"

"सांगंना का. हंडा माझ्या घडवंचीवर व्हता की. रोज घासायची मी. चिंच लावून बोटानं घासलं की अक्षरं लागायची हाताला." मला आठवलं, भूगोलाच्या धड्याला ती मान वर करायची. धाकानं नाही. तिला हाक ऐकू यायची.

मी वडिलांना गाठलं. ते गोठ्यात होते. अंगठीनं नवं नाव लिहिलं ते त्यांनीच, त्या गाडीत बसले होते तेही तेच. "खरं हाय," ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "पण भाऊला आता काय सांगायचं? सांगून सांगून त्याला ते खरंच वाटाय लागलं. तकलीफ व्हईल." भावाच्या तकलीफेची त्यांना फार काळजी. मला त्या दिवशी त्यांचा जो संताप आला, तो पुरता गेलाय असं म्हणवत नाही.

पुढं मी हिंगोलीला मॅट्रिक झाले. शिकलेली मुलगी म्हणून नाकानं कांदे सोलत फिरायचे. बाईचं नाव बदलणं ही गुलामी आहे, असं शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषणही ठोकलं होतं. नवराही तसाच मिळाला. कळमनुरीला मास्तर, आणि विचारानं इतका पुढचा की हळदीच्या अंगानंसुद्धा सुधारणेवर बोलत होता. नाव बदलायचं नाही, हे त्यानं आधीच सगळ्यांना बजावलं होतं.

मांडवात तबक आलं. भटजींनी सवयीनं विचारलं, "नवरीचं नाव काय ठेवायचं?"

"आहे तेच," नवरा म्हणाला आणि कौतुकाच्या अपेक्षेनं इकडंतिकडं बघू लागला.

"न्हाई," मी म्हणाले. "बदलायचंय."

त्याचा चेहरा पडला. ज्या शिकलेल्या मुलीसाठी त्यानं हुंड्याच्या गोष्टी मोडून काढल्या होत्या, ती ऐन तांदळापुढं गावंढळ निघाली. मी हंड्यावरचं नाव सांगितलं, भर मांडवात, स्वच्छ आवाजात. त्या घरात कोण्या बाईनं ते इतक्या मोठ्यानं घेतलं नसेल. पोरीला ते घ्यायची मनाई नव्हती, मनाई होती ती सुनांना. आई बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. तिनं मांडवाची मेढ धरली.

मोठे बाबा तर हंबरडा फोडायच्या बेतात आले. "ऐकलं का? पोरगी शिकली पण बिघडली न्हाई! कोणाचं नाव घेतलं पाहा, आईचं!"

"व्हय, मोठे बाबा," मी म्हणाले. "आईचंच."

पोरीला हे नाव दिलं आणि हंडा ठेवून घेतला, असं गावानं म्हणू नये एवढी इज्जतीची चाड मोठ्या बाबांना होती. त्यांनी तिथल्या तिथं हंडा मागवला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर मला आहेर केला. सोबत हकिकतही आली. त्या दिवशी रझाकारांची अख्खी पलटण होती. मला हंडा मिळेल असं वाटलं नव्हतं, असं म्हणाले तर खोटं होईल. इतिहास कसा वापरायचा हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

वरातीच्या गाडीत हंडा मी मांडीवर घेऊन बसले. एक पोचा पुरे होता.

माझ्या सासूबाईंचा आवाज असा की त्यांनी घरातून हाक मारली तर बाजारात बांधलेली जनावरं कान टवकारायची. पोरानं नाव बदलायचं नाही म्हटलेलं त्यांना आवडलं नव्हतं, त्यामुळं माझं नवं नाव त्या हौसेनं घ्यायच्या, कामाशिवायही घ्यायच्या.

आषाढ सरता सरता आई पहिल्यांदा आमच्याकडं आली. मी आणि ती ओसरीवर बसून तूर पाखडत होतो. जावयाच्या घरी आलेली, म्हणून पदर सावरून, अंग चोरून बसली होती. तेवढ्यात आतून सासूबाईंनी खणखणीत हाक मारली. नाव घेऊन. "अगं, पाणी आण गं!"

"आले!" आई म्हणाली.

तिनं सूप खाली ठेवलं होतं आणि ती उभीही राहिली होती. मग तिचं तिलाच कळलं, आणि तिनं पदर तोंडाशी नेला. सासूबाई दारात आल्या. "अवो ईहीणबाई, तुमी बसा की. मी हिला हाक मारली."

मी जागची हलले नाही.

"व्हय का," आई म्हणाली. "मला वाटलं, मलाच."

आणि तांब्या उचलून ती हंड्याकडं गेली.