साडूभाऊंचा निरोप

माझ्या साडूंइतका सावकाश पुढे जाणारा माणूस अख्ख्या भिवंडीत सापडायचा नाही, आणि हे मी निजामपुऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये हयात घालवलेला माणूस सांगतोय. शाळेतली कारकुनी उरकून अंजूरला घरी आले की साडूभाऊ व्हिडिओ गेम लावतात. तोही गोष्टीचा. एक नायक, एकच वाट. पुढच्या गावात पाऊल टाकलं की मागचं गाव कायमचं बंद. राक्षस, तलवारी यांचं साडूभाऊंना काही पडलेलं नाही. गोष्ट कुठल्या मुलखात घडते तेवढं ते बघतात आणि सरळ तिथे राहायलाच जातात. नायक बर्फात शिरला तेव्हा ऐन मे महिन्यात हा गृहस्थ कानटोपी घालून बसला होता. वाळवंट लागलं, तर मेहुणीने आणलेलं सरबत माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तुम्ही प्या भाऊ. आमचं पानी अजून लांब हाय."

सगळ्यात वैताग निरोपाचा. गाव सोडायचं म्हटलं की ते नायकाला दारोदार नेतात आणि लोहारापासून विहिरीवरच्या म्हातारीपर्यंत प्रत्येकाला मोठ्याने "येतो हां" म्हणतात. एकदा हळदीला निघालो होतो, बायका नटूनथटून रिक्षात बसलेल्या, आणि हे त्या गावातून निघेनात. "अहो, परत जाता येत नाही ना तिथे? मग येतो कशाला म्हणता?" मी ओरडलो.

"जातो कसं म्हनायचं? बरं दिसतं का?"

हळदीला पोचलो तेव्हा जेवणं उरकली होती.

यंदा शेतं गिळत आलेली गोदामं त्यांच्या आळीत शिरली. साडूंच्या घराच्या जागीही गोदाम ठरलं आणि त्यांनी टेमघरला फ्लॅट घेतला. सामान हलवायच्या दिवशी मी मनाची तयारी करूनच गेलो, की हा माणूस आता संध्याकाळ करणार. पण साडूभाऊ घरातून निघाले ते थेट टेम्पोत माझ्या शेजारी येऊन बसले. शेजारच्या काकू ओट्यावर उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला राग आला, खरंच आला. "अहो, निदान येतो तरी म्हणा!"

ते समोरच्या काचेतून बघत राहिले. "न्हाय जमत, भाऊ. तुम्ही म्हना."

"भाईसाब, चलो ना, नो एन्ट्री लग जायेगी," टेम्पोवाला कुरकुरला.

मी खाली उतरलो. काकूंपासून सुरुवात केली आणि एकेका दारात उभा राहून, साडूंच्या वतीने, "येतो हां" म्हणत गेलो. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. वाजवू दे म्हटलं.