गढूळ पाण्यातली निळी फ्लाय

जळगावहून गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर आईनं दिलेला भाकरींचा डबा होता आणि पिशवीत चाळीस फ्लाय. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस, दोरे गुंडाळून केलेली खोटी मासळी किंवा खोटा बेडूक. मी औषधांचं दुकान चालवते, पण सुट्टी मिळाली की नदी गाठते. मरळ, शिवडा असले शिकारी मासे या खोट्या भक्ष्याला फसतात ते बघण्याचं मला वेड आहे. घरात कुणाला ते पटत नाही. या वेळी मात्र आईनंच पाठवलं होतं. "मासे पकड नाहीतर बेडूक पकड, पण मामाला दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला तयार करूनच ये."

आईचे भाऊ, सुभाषमामा, गुजरातेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगमास्तर आहेत. गिऱ्हाइकानं नमुन्याची चिंधी द्यायची, मिलनं कापड रंगवायचं आणि दोन्हीचा रंग जुळला की नाही ते मामांनी सांगायचं. तीस वर्षं तिथे त्यांचा शब्द शेवटचा. पाच महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि मामा बिथरलेच. डॉक्टरनं माझे रंग बिघडवले, म्हणाले. आता डाव्या डोळ्याला हात लावू देणार नाही, नोकरी सोडून गावी, अमळनेरला येऊन बसतो. डावा डोळा तर दिवसेंदिवस जास्तच अधू होत चाललेला.

उधन्याला उतरून रिक्षानं लिंबायतला पोचले. दारातच मामा उभे. "कशी शेस माय?" (कशी आहेस बाई?) मामींनी झणझणीत शेवभाजी केली होती. दुसरा घास घेताना मी विषय काढला, तर मामांनी ताटावरून बोट रोखलं. "डोळ्याचं बोललीस तर उद्या नदीवर तू एकटी जा." मामींनी माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला.

सकाळी आधी लोचो (वाफवलेल्या डाळीच्या पिठाचा मऊ लगदा, वर तेल, शेव, कांदा). खाताना मामा एकदा हा डोळा मिटत, एकदा तो. "डाव्यानं बघितला की हळद जास्त दिसते. डाव्यानंच खावा." दुकानदार आमच्याकडे बघतच राहिला.

कामरेजच्या पुढे तापीच्या काठावर नटुकाका नावाचे कोळी त्यांची होडी घेऊन थांबले होते. दसरा उलटला तरी पाणी गढूळ होतं, आणि कडेनं जलपर्णी. अशा ठिकाणी मरळ पानांखाली दबा धरून बसते, बेडूक दिसला की झडप घालते. मी डबी उघडली. पोपटी, केशरी, रुपेरी, निळ्या, काळ्या. नटुकाकांनी रुपेरी उचलून डोळ्यांसमोर धरली. "बेन, आ तो लगनमां पहेरवा जेवुं छे!" (ताई, हे तर लग्नात घालण्यासारखं आहे!)

गढूळ पाण्यात भडक रंग, असं मी कुठेतरी वाचून पक्कं करून ठेवलं होतं. केशरी लावली. पहिल्याच फेकीत ती बाभळीला अडकली आणि तिथेच राहिली. पोपटी तासभर ओढली, एक बुडबुडा नाही. रुपेरी तर नटुकाकांच्या टोपीत घुसली. ती सोडवताना ते इतके हसले की होडी डुलायला लागली, आणि मी खरंच वैतागले.

"ही राखाडी लाव," मामा उजवा डोळा मिटून म्हणाले.

"कुठली राखाडी?"

त्यांनी बोट ठेवलं ते निळ्या फ्लायवर. मी स्वतः बांधलेली, मोरपिसाच्या निळ्या रंगाची.

"मामा, ती निळी आहे."

"तुला काय कळतं रंगातलं?" मामांचा आवाज चढला. त्यांनी पुन्हा उजवा डोळा मिटला. "राखाडी." मग डावा मिटला. "निळी. बघ! हेच म्हणतोय मी. ऑपरेशननं राखाडीची निळी करून ठेवली."

नटुकाकांना विचारलं. "भूरी," ते म्हणाले. गुजरातीत भूरी म्हणजे निळी. मामा चिडले, पण रंगमास्तर तो रंगमास्तर. "कोरा नमुना बघून आम्ही कधी निकाल देत नाही. ओला करायचा." माझी पाण्याची पारदर्शक बाटली त्यांनी सुरीनं कापली, तीत तापीचं गढूळ पाणी भरलं आणि फ्लाय आत सोडली. मग डावा डोळा झाकून, त्या नव्या उजव्या डोळ्यानं ते पाहत राहिले.

"राखाडी," ते हळूच म्हणाले.

त्यांनी फ्लाय बाहेर काढली, लुगडं पिळावं तशी बोटात पिळली आणि उजव्या डोळ्यानं पाहिली. निळी. डाव्यानं पाहिली. राखाडी. पुन्हा बाटलीत, पुन्हा उजव्यानं. राखाडी. चार-पाच वेळा हे झालं. नटुकाकांनी वल्हं आडवं ठेवलं.

"म्हणजे बिघडेल शे तो हाऊ डोया," (म्हणजे बिघडलेला आहे तो हा डोळा) मामा डाव्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाले. "नवा बरोबर आहे. या जुन्यातच तापी भरलीये." आणि ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मग अंगात आल्यासारखे उठले. सगळ्या फ्लाय फळीवर मांडल्या, उजवा डोळा घट्ट मिटला. "आता मला मरळीला दिसतं तसं दिसतंय. ही नाही, ही नाही, या सगळ्या एकाच मातीच्या. ही!" काळी-जांभळी, लांब शेपटीची, डबीतली सगळ्यात कुरूप फ्लाय होती ती.

जलपर्णीच्या कडेला टाकली. थांबले. एक झटका, पुन्हा थांबले. तिसऱ्या झटक्याला पाणी फुटलं आणि गळाची काठी वाकून होडीला टेकली. मी काय ओरडले ते मला आठवत नाही, नटुकाकांना मात्र आठवतं, आणि ते सांगायला लाजतात. हातभर मरळ होती.

आता वाद. मी म्हणे सोडायची. नटुकाका म्हणे, सोडायची होती तर पकडली कशाला? मामा कुणाचंच ऐकत नव्हते. मासळी दोन्ही हातांत धरून, एकेक डोळा मिटत तिच्या अंगावरचे पट्टे बघत बसले होते. "अगं, पोटाला किती पांढरी आहे ही!" म्हणेपर्यंत मरळ सुळकन् निसटून पाण्यात. नटुकाकांनी कपाळावर हात मारला.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आत मामा मामींना म्हणाले, "डॉक्टरला फोन लाव. दुसराही करून टाकू." मामी हातातलं भांडं खाली ठेवून तिथेच बसल्या आणि रडायला लागल्या. पाच महिने विनवत होत्या बिचाऱ्या.

दुसऱ्या दिवशी मामा मला गाडीत बसवायला उधन्याला आले. आईनं पढवलेलं एकही वाक्य मला वापरावं लागलं नव्हतं. माणसाला समजवायला जाताना आपण केवढी तयारी करतो, आणि त्याला पटतं ते त्याच्याच हातच्या कामातून. मी खुशीत होते. मामा मात्र खिडकीचा गज धरून, मान खाली घालून उभे होते.

"काय झालं मामा? ऑपरेशनची भीती वाटतेय?"

"नाही गं. मिलमध्ये एक प्रधान आहे, रंग तोलून देतो. ओडिशाचा, गरीब माणूस. निळा चुकला, निळा चुकला म्हणून दोन वर्षं त्याला सगळ्यांसमोर आंधळा म्हणत आलो." गाडी हलली तसे ते दोन पावलं सोबत चालले. "आज आधी त्याच्याकडे जातो. डॉक्टर नंतर."