मेणबत्तीकडे बघा

संध्याकाळी वीज गेली, तशी समोरच्या खिडकीत काडी पेटली. आमच्या दोन इमारतींमध्ये फक्त एक बोळ आहे, त्यामुळे सगळं दिसतं आणि ऐकूही येतं. समोरच्या वहिनींनी वाटीत मेण ओघळवून मेणबत्ती घट्ट उभी केली, वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवली, पडद्याला गाठ मारली आणि आत जाताना नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मेणबत्तीकडे बघा."

"बघतोय गं," ते म्हणाले.

माझ्या टेबलावरही तशीच वाटी होती, तशीच ताटली. पेटती मेणबत्ती एकटी सोडू नये, हे मलाही ठाऊक आहे. पण हे गेल्यापासून ती सोपवून जावं असं घरात कोणी नाही. हातात घेऊन फिरावं तर पदराची भीती. म्हणून उठायचं झालं की मी फुंकर मारते आणि भिंत चाचपत जाते. परत आले की पुन्हा काडी.

कुणाच्या साड्या-दागिन्यांवर माझा कधी डोळा नव्हता. पण त्या एवढ्याशा वाक्याने माझ्या पोटात दुखलं. वाटलं, वाऱ्याने विझावी त्यांची मेणबत्ती.

विझली नाही. वहिनी परत येऊन नवऱ्याशेजारी बसल्या. मी फुंकर मारून पाणी प्यायला उठले आणि अंधारात माठापाशी पोचते तोच दिवे आले. सुटले एकदाची, असं मी पुटपुटले.

समोरून वहिनींचा आवाज आला, "अय्या, इतक्यात आले?"