माळावरून जाणारे काका

साताऱ्यात नोकरी लागल्यापासून मला गावाकडचा माळाचा रस्ता फार आठवतो, आणि त्यावरून सायकलने जाणारे काका. ते आमच्या बौद्ध वस्तीतले, वडूजच्या शाळेत शिपाई. गावातून शाळा दोन मैल. काका माळावरून पाच मैल फिरून जायचे. समोर चिटपाखरू नसलं तरी घंटी वाजवायचे.

"आवं काका, एवढा वळसा कशाला?" मी एकदा विचारलं.

"गावातनं गेलं की चावडीम्होरं उतराया लागतंय."

"आता कोण उतरवतंय?"

"कोन न्हाई रं. पायच आपसूक खाली येतोय."

मी बी.ए. झालो. वस्तीतला पहिला मीच. त्या दिवशी काकांनी मला कॅरियरवर बसवलं आणि सायकल थेट गावात घातली. चावडीवर माणसं बसली होती. काकांचा पाय पेडलवरून सुटला, पण खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा माळावर. मी चिडलो.

"काल गेलो की रं तुझ्यासाठनं," ते म्हणाले. "पर जीव सारा मुठीत व्हता. हितं गानं म्हनत जातोय."

मी साताऱ्यात भर पेठेतून सायकल चालवतो, कुणापुढे उतरत नाही. गाणं मात्र अजून ओठावर येत नाही.